अडकलेली पुंगळी

काल नेमबाजीच्या रेंजवर एका मुलीच्या पॉइंट टू-टू रायफलीत काडतुसाची रिकामी पुंगळी अडकली. ती बाहेर खेचणारा बोल्ट मागे आला, पुंगळी आतच राहिली. तिची कोच सुलभा म्हणाली, "अगं, झटक्यात ओढ. माझाही हात असाच मऊ होता, म्हणून माझी राज्यस्पर्धा गेली."

हे सुलभाला मीच सांगितलं होतं. त्या स्पर्धेत तिच्या तीन पुंगळ्या अडकल्या, वेळ संपली, आणि मी, तिचा सर, सगळ्यांसमोर तिच्या हाताला दोष दिला. खरं तर पाहुणे आले की सुलभाची ती रायफल रिकामीच चालवून दाखवायची माझी सवय होती. अशा रायफलीत काडतूस नसलं की त्यावर आपटणारी पिन थेट नळीच्या काठावर आदळते. काठाला पोचा पडतो, मग तो पुंगळी धरून ठेवतो. तो पोचा स्पर्धेनंतर माझ्या नखाला लागला होता. मी गुपचूप घासून घेतला.

काल हे सगळं तिला सांगितलं. ती हसली. "काहीतरीच, सर! झटक्यात ओढायला लागल्यापासून माझी एकही अडकली नाही."

तेही खोटं नाही. मग दोष पोच्याचा की हाताचा? की दोन्हींचा? इतकी वर्षं जे कबूल करायचं म्हणून जपलं, तेच आता मला नीट कळेना.

मुलगी खाली मान घालून स्वतःचा तळवा बघत होती.

"हात राहू दे, बाळ," मी म्हणालो. "आधी नळीचा काठ बघू."