बारा उतारू आणि सहा इंचांचा पंखा

आमच्या वहिनी होडी चालवतात. दादाची पाठ अधू झाली त्याला नऊ वर्षं झाली; तेव्हापासून होडी त्यांच्याच हातात आहे. त्याआधी त्या शिवणकाम करायच्या. मशीनच्या आवाजावरून सुई कुठे अडते ते त्यांना कळायचं. तोच कान त्यांनी पुढे इंजिनाला लावला. दादा इंजिन उघडून बघतो, वहिनी नुसत्या ऐकतात, आणि बहुतेक वेळा त्यांचंच खरं ठरतं. दादा हे कबूल करत नाही, पण वाद घालणं त्याने सोडलंय.

खाडीच्या अलीकडे आमची वस्ती, पलीकडे मासळी पॅकिंगचा कारखाना. मधलं पाणी ओहोटीला गुडघाभर उरतं आणि त्याखाली नुसता गाळ. सकाळच्या पहिल्या खेपेला बारा ठरलेले उतारू असतात, अकरा कामगार बाया आणि कारखान्याचा वॉचमन. त्यांना आठच्या आत गेटवर पोहोचावं लागतं. महिन्यात तीनदा उशीर झाला की पाळी दुसऱ्याला मिळते. यंदा गाळ वाढला, आणि इंजिनाच्या लांब दांड्याच्या टोकाला असतो तो पंखा शिंपल्यांवर घासून बोथट झाला. एकाच आठवड्यात होडी दोनदा अडकली, त्यातली एकदा सकाळच्या खेपेला.

नवा पंखा निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला कागदावर नीट मांडून काम करायची सवय. दुकानदाराने विचारलं, "भार किती? त्यावर पिच ठरतं." पिच म्हणजे पंखा एका फेरीत जितका पुढे सरकायला बघतो तेवढं अंतर. पिच जास्त तर वेग जास्त, पण भार झेपला नाही तर इंजिनाचा दम कोंडतो.

मी वही घेऊन धक्क्यावर उभा राहिलो आणि बाराही जणांना वजन विचारलं. सगळ्यांनी पटापट सांगितलं. बेरीज आली सहाशे वीस किलो. दुकानदाराने दोन पात्यांचा, गवत गुंतू नये म्हणून मागे झुकलेल्या कडांचा, आठ इंच पिचचा पंखा दिला. रिकाम्या होडीला तो लावला तर होडी अशी सुटली की दादाची टोपी उडाली.

गुरुवारी बारा जण बसले. गाळाच्या पट्ट्यावर इंजिन घुमलं, काळा धूर निघाला आणि होडी जागच्या जागी बसली. सगळे गुडघाभर चिखलातून चालत कारखान्यात गेले. महिन्यातला हा दुसरा उशीर.

संध्याकाळी त्या बायांच्या मुकादमीणबाई म्हणाल्या, "वहिनी, तुमच्यावर राग नाही आमचा. पण सोमवारी परत असं झालं तर आम्ही पुलावरून जाणारी व्हॅन धरणार."

"उद्या-परवा तासभर आधी निघू, भागेल. सोमवारपर्यंत मला मुदत द्या," वहिनी म्हणाल्या. "मग काय करायचं ते करा."

पहिली खेप गेली तर होडीच बंद पडणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. घरी मी वही पुन्हा तपासली. बेरीज बरोबर होती.

"भावोजी, बेरीज तुमची बरोबरच असणार," वहिनी म्हणाल्या. "पण इंजिन सांगतंय की होडीत आणखी कुणीतरी बसलंय."

शनिवारी परतीच्या खेपेला सगळे आत बसलेले असताना त्या धक्क्यावरून वाकल्या आणि होडीच्या बाहेरच्या अंगाला, पाणी टेकत होतं तिथे, खडूने रेघ ओढली.

"हे काय हो?" वॉचमनने विचारलं.

"रंग कुठे उडालाय ते बघते," वहिनी म्हणाल्या.

रविवारी उतारूंना सुट्टी. घरची कामं टाकून होडीत बसायला कोण येणार? म्हणून आम्ही त्यांच्या जागी वीस-वीस लिटरचे पाण्याचे कॅन ठेवले. एक कॅन म्हणजे वीस किलो. एकतीस कॅन झाले, म्हणजे सहाशे वीस किलो पूर्ण, तरी रेघ पाण्याच्या वर बोटभर कोरडीच. बत्तीस, तेहेतीस... सदतिसाव्या कॅनला पाणी रेघेला टेकलं.

दादा हसून हसून खाली बसला. "एकशेवीस किलो लपवले यांनी! म्हणजे दोन माणसं फुकट जात होती."

"त्यात डबे आले, गमबूट आले," वहिनी म्हणाल्या.

"एकशेवीस किलोचे गमबूट?"

"अहो, पुरे. आणि भावोजी, हे धक्क्यावर कुणाला कळता कामा नये. माझे उतारू आहेत ते."

दुकानदाराने सहा आणि सात इंचांचे पंखेही बघायला दिले होते. सदतीस कॅन घेऊन आम्ही ओहोटीत निघालो. सात इंचाला इंजिन गाळात कुरकुरलं. मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणाऱ्या मीटरवरचा काटा तीन हजारांच्या पुढे जाईना. सहा इंचाला तो छत्तीसशेला लागला, म्हणजे या इंजिनाचा जो पूर्ण वेग तेवढा, आणि होडी पट्टा ओलांडून गेली. रिकामी असताना ती पूर्वीसारखी पळणार नाही, हे दादाने लगेच बोलून दाखवलं.

"रिकामी पळवून कुणाला दाखवायचीये?" वहिनी म्हणाल्या. "आवाज ऐका. सरळ शिवण चालल्यासारखा आहे."

सोमवारी मीही गेलो. पाणी उतरलेलं होतं आणि व्हॅन आमच्या बाजूच्या रस्त्यावर दार उघडं ठेवून उभी होती. मुकादमीणबाईंनीच तिला थांबवून ठेवलं होतं. पट्ट्यावर आलो तशा गप्पा बंद झाल्या. इंजिनाचा आवाज जड झाला, वहिनींनी दांडा थोडा उचलला, मागे चिखलाचा फवारा उडाला, आणि पुढे मोकळं पाणी लागलं. बारा जण एकदम बोलायला लागले.

सात वाजून एकेचाळीस मिनिटांनी सगळे कोरड्या पायांनी पलीकडे उतरले. मुकादमीणबाईंनी व्हॅनवाल्याला फोन लावला. "तू जा बाबा."

पलीकडून काहीतरी विचारलं असावं.

"उद्या? उद्याही नको. थांबूच नकोस तू."

वहिनींनी हे ऐकलं की नाही, सांगता येत नाही. त्या इंजिनाकडे कान देऊन होत्या. मग माझ्याकडे वळल्या. "भावोजी, बसा नीट मधोमध. तिकडे धक्क्यावर दोघं येऊन उभे आहेत, त्यांना आणायचंय."