धुऱ्यावरच्या म्हसोबाचा शेंदूर

आमचं इतिहास मंडळ दर रविवारी भरतं आणि मुख्यतः चालत्या गाडीत भरतं. अमरावतीत एका सभासदाच्या गॅरेजवर आमची खोली आहे. तिथे दोन कपाटं, एक फुटका रांजण आणि हवी तेवढी धूळ आहे. पण त्या खोलीत कुठला वाद मिटल्याचं मला आठवत नाही. गाडीत मात्र सगळे शहाण्यासारखे वागतात, कारण डबे गाडीतच असतात. मी बँकेतून निवृत्त झाले तेव्हा शेजारणीनं सुचवलं, त्या मंडळात जा, तेवढाच विरंगुळा. शाळेत इतिहासानं मला कधी धड पास केलं नव्हतं. पण पहिल्याच सहलीत एका शेतात गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, झणझणीत वांग्याची भाजी आणि वरून तुपाची धार मिळाली, आणि मी तिथल्या तिथे आजीव सभासद झाले. आम्ही बघायला गेलो होतो ती विहीर कुणी बांधली, हे परत येताना विचारून घेतलं.

सभासद बरेच असले तरी धावपळ करणारे आम्ही तिघंच. अध्यक्ष इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. दगड दिसला की त्यांना समोर वर्ग भरलेला दिसतो. खजिनदार बांधकाम खात्यातले निवृत्त अभियंते. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून घरात देव्हारा नाही. आम्ही एखाद्या जुन्या देवळात शिरलो की हे बाहेर थांबतात आणि जोत्याचे दगड ठोकून बघतात. तिसरी मी. मी मूळची अकोल्याची, त्यामुळे या दोन अमरावतीकरांना अधूनमधून जमिनीवर आणायचं काम माझ्याकडे आपोआप आलं.

अकोटच्या रस्त्यावरून आत वळलं की एका गावाच्या अलीकडे डांबरी रस्ता उगाचच वळसा घ्यायचा. दोन्ही बाजूंना सपाट काळी जमीन, ना नाला ना टेकडी, तरी वळण. खजिनदारांना त्या वळणाचा फार राग. "हे कुठल्या शहाण्यानं आखलं?" असं ते प्रत्येक वेळी म्हणायचे. एका संध्याकाळी आम्ही तिथे उतरलो तेव्हा उत्तर मिळालं. वळणाच्या पोटात, शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कमरेइतका उंच दगड उभा होता, शेंदरानं वरपासून खालपर्यंत माखलेला. गावाचा म्हसोबा. रस्ता त्याला सोडून गेला होता.

आणि म्हसोबासमोर एक म्हातारी त्याला झापत होती.

"तुरीवर अळी पडली, तुले दिसत नाही का? दिवसभर उभा राहून काय पाहून राहिला तू?"

ते शेत तिचंच होतं. रोज संध्याकाळी ती दिवा घेऊन यायची, दिवसभराचं सगळं त्याला सांगायची, मागायचं ते मागायची आणि वर दमही द्यायची. आम्हाला पाहून ती जराही ओशाळली नाही. तांब्याभर पाणी दिलं, कुठले, काय, सगळं विचारलं आणि माझा फोन नंबर तिच्या बटनांच्या मोबाइलमध्ये माझ्याचकडून घालून घेतला. तेवढ्यात अध्यक्ष गुडघे टेकून दगडाच्या बुडाशी बसले होते. शेंदराचा एक टवका उडाला होता, त्यातून गाईची शिंगं दिसत होती. अध्यक्षांचा आवाज चढला. हा म्हसोबा नव्हताच. ही वीरगळ होती, लढताना पडलेल्या माणसाच्या आठवणीचा कोरीव दगड.

पुढचे काही रविवार आम्ही नुसते उडत होतो. ग्रामपंचायतीची परवानगी काढली. अध्यक्षांनी पारावर व्याख्यान दिलं आणि अख्ख्या गावासमोर आम्ही तो दगड साफ केला. वर्षानुवर्षांचा शेंदूर भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटत आला. खाली गाई निघाल्या, त्यांच्यापुढे आडवा पडलेला एक जण, वर त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, अगदी वर चंद्र-सूर्य. आडव्या पडलेल्याला मिशी फुटलेली नव्हती. गोल, कोवळा चेहरा. गावानं टाळ्या वाजवल्या. मलाही खरंच अभिमान वाटला, म्हणजे रोडग्यांशिवाय वाटलेला पहिलाच.

म्हातारी गर्दीतून पुढे आली. "मंग देव कुठी गेला?"

"देव नव्हताच, आजी," अध्यक्ष प्रेमानं म्हणाले. "हा एक जवान पोरगा होता. कुणीतरी गावची गुरं हाकून नेली, त्यांना सोडवायला हा धावला. गुरं परत आली, हा आला नाही. त्याच्या आठवणीसाठी गावानं हा दगड उभा केला."

"गुरं आली?"

"आली."

ती त्या कोवळ्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि मग घराकडे गेली.

मग आम्ही दगडाच्या संरक्षणासाठी सरकारकडे अर्ज धाडला आणि पाटी लावली. मजकूर अध्यक्षांचा, पाया खजिनदारांनी स्वतः उभं राहून काँक्रीटमध्ये भरून घेतलेला. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं: 'वीरगळ. ही देवतेची मूर्ती नसून प्राचीन वीराचे स्मारक आहे. कृपया शेंदूर व तेल लावू नये.' गावानं आमचं ऐकलं. लोक इतकं ऐकतात याची आम्हाला सवय नव्हती. शेंदूर थांबला, तेल थांबलं, नारळ थांबले, नवी जोडपी पाया पडायला यायची तीही थांबली. पुढच्या खेपेला गेलो तर दगडाला कुणाची तरी शेळी बांधलेली होती.

आणि एका सकाळी मला म्हातारीचा फोन आला. "बाई, मशीन आलं व. तुमचा दगड काढून राहिले."

तिनं 'तुमचा' म्हटलं, ते मला फार लागलं.

आम्ही तिघं पोचलो तेव्हा रस्ता सरळ करायचं काम सुरू होतं आणि जेसीबी दगडापाशी येऊन ठेपला होता. अध्यक्ष हात आडवे करून यंत्रापुढे उभे राहिले. ड्रायव्हर चांदूर बाजारकडचा पोरगेला माणूस, तो आदबीनं खाली उतरला.

"सर, देव असता तं म्या हातच नसता लावला. पण अथी तं लिवलं हाये, देव नाही म्हनून." त्यानं पाटीकडे बोट दाखवलं. "कोनाची हाये ही पाटी?"

अध्यक्षांनी पाटीकडे असं पाहिलं की जणू ती शेजारच्या तालुक्यातल्या कुणीतरी लावली असावी.

कामावरचा सुपरवायझरही सज्जन होता, तीच पंचाईत. तो म्हणाला, देव निघाला तर वळण ठेवायची पद्धत आहे, गावकरी आडवे पडतात, मजूर हात लावत नाहीत, वरचे साहेबही मान्य करतात. पण नुसत्या दगडासाठी वळण कसं ठेवू? तो मुरमाखाली जाणार. खजिनदारांनी जुन्या खात्यात फोन लावले. तिथून कळलं की संरक्षणासाठीचा आमचा अर्ज पोचलेला आहे आणि तो कुठेतरी सुखरूप आहे. पारावरचे चार लोक जमले होते, त्यांना मी म्हटलं, "तुमी तरी काही बोला ना जी." एक जण म्हणाला, "म्हसोबा असता तं अख्खं गाव झोपलं असतं मशीनीपुढं. तुमीच सांगतलं ना, नाही म्हनून."

"आमी जेवून येतो," सुपरवायझर म्हणाला. "तोवर काय ते ठरवा. देव आहे का नाही, एवढंच सांगा." आणि जाता जाता त्यानं मला डोळा मिचकावला.

मला इशारा कळला. मी म्हटलं, "चला, शेंदूर आणू."

अध्यक्षांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. शेंदरानं कोरीव कामाची कशी नासाडी होते यावर हा माणूस गावोगाव बोलत आलेला. पण गावातल्या किराणा दुकानाकडे निघाले तेच पहिले. खजिनदार मागून म्हणाले, "मी पूजा करणार नाही, आधीच सांगतो. डबा धरतो. संवर्धन म्हणून." माझ्या पोळ्यांच्या डब्याच्या झाकणात आम्ही तेल आणि शेंदूर कालवला. प्रमाण कुणाला ठाऊक? तो इतका पातळ झाला की खजिनदारांच्या पांढऱ्या शर्टावर आधी लागला. अध्यक्षांनी बोटं बुडवली, दगडापाशी नेली आणि त्या कोवळ्या चेहऱ्यासमोर त्यांचा हात थांबला. त्यांना ते जमेचना. आम्ही तिघं शिकलेसवरले लोक भर दुपारी शेंदूर हातात घेऊन धुऱ्यावर उभे होतो, आणि मला हसावं का रडावं कळत नव्हतं.

"काय करून राहिले जी?" म्हातारी मागे येऊन उभी होती.

"आजी, याला परत देव करून राहिलो," मी म्हटलं. माझी अकोल्याची जीभ अशा वेळी सुटते. "नाही तर हा मुरमात जाते."

तिनं झाकण माझ्या हातातून घेतलं आणि खाली ठेवलं. "त्याचं तोंड कायले बुजवता? आत्ता तं दिसलं मले."

जेवणं आटोपून माणसं आली. ड्रायव्हर वर चढायच्या आत म्हातारी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. एक शब्द खोटं बोलली असती तर सगळं निभावलं असतं.

"हा देव नाही," ती म्हणाली. "तुले खोटं कायले सांगू? हा आमच्या गावचा पोट्टा हाये. गावच्या ढोरांपायी मेला. देव असता तं त्यानं सोताले सांभायलं असतं. याले नाही सांभायता येत."

ड्रायव्हरनं तिच्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं आणि यंत्राची चावी खिशात टाकली. म्हणाला, दुसरा ड्रायव्हर पाहा. पारावरचे ते चौघं, मघाशी आम्हाला टोमणे मारणारे, येऊन तिच्या बाजूला उभे राहिले. सुपरवायझरनं डोकं खाजवलं.

वळण काही राहिलं नाही. पण म्हातारीनं तिच्या शेताचा कोपरा दिला. खजिनदारांनी बांधकाम खात्यातला सगळा अनुभव पणाला लावून पट्टे बांधायला लावले, आणि त्याच ड्रायव्हरनं त्याच यंत्रानं तो दगड अलगद उचलून शेतात उभा केला. ओरखडा उमटला नाही. पाटी आम्ही गुपचूप काढून आणली. रस्ता सरळ झाल्याचा आनंद खजिनदारांनी आमच्यापासून लपवला, पण फारसा नाही.

परवाच्या रविवारी आम्ही पुन्हा तिथे थांबलो. दगड स्वच्छ होता आणि खाली दिवा लागलेला होता. म्हातारी शेजारी मातीत बसून होती. मला राहवेना. मी विचारलं, "आजी, आता काय मागता याला?"

"आता काय मांगू व बाई? थो सोताच कोनाचं तरी लेकरू." तिनं वात जरा पुढे सारली. "आता मी याले फक्त जेवला का म्हनून इचारतो. इतकी वर्सं आमी सारे मांगूनच राहिलो त्याले. हे कोनीच नाही इचारलं."