उजेडाची गाडी पुढं

आमची ट्रान्सपोर्ट कंपनी तेव्हा सिक्कीमला होती. नव्वदीच्या दशकाचा शेवट. काम एकच. खालच्या डेपोतून रेशन आणि रॉकेल उचलायचं, वरच्या चौक्यांना पोचवायचं, रिकामी गाडी घेऊन परत यायचं. फौजी म्हटलं की लोक बंदुकीचं विचारतात. मी बंदूक साफ केली तेवढीच. नायक मल्लाप्पा, जयसिंगपूर, याची सगळी नोकरी स्टिअरिंगवर गेली आणि त्यात मला कसलाही कमीपणा वाटत नाही. वरचा जवान गरम डाळ खायचा ती आमच्या गाडीतून गेलेली असायची.

प्लाटूनमध्ये कोल्हापूरकडचे आम्ही दोघंच. दुसरा लान्सनायक यशवंत कांबळे, शाहूवाडीच्या डोंगरातला. सकाळी भेटला की "जयभीम, अप्पा" म्हणायचा. मी "जयभीम, पावणं" म्हणायचो. वयानं माझ्याहून लहान, पण भांडायला एक नंबर. गावाकडच्या तांदळाशिवाय त्याला भात हा भात वाटत नव्हता आणि भाकरीशिवाय माझं पोट भरत नव्हतं. लंगरातलं जेवण दोघंही शिव्या घालत खायचो आणि ताट चाटूनपुसून साफ करायचो. भरती व्हायच्या आधी त्यानं कोल्हापुरात उद्यमनगरला ट्रकच्या वायरिंगचं काम केलं होतं.

आमच्या तीन टनी गाड्या म्हाताऱ्या झालेल्या. इंजिन ठणठणीत, पण हेडलाइट म्हणजे देवघरातली समई. त्या भागात दुपार झाली की धुकं रस्त्यावर उतरायचं आणि बॉनेटच्या पुढचं काही दिसायचं नाही.

"मोठा बल्ब घालूया की," मी एकदा म्हटलं.

"आणि स्विच जाळून घे. अप्पा, बल्बला काय झालेलं न्हाय. त्येला खायाला मिळंना झालंय."

मग त्यानं समजावलं. बॅटरीतला करंट जुन्या बारीक वायरीतून आधी केबिनमधल्या स्विचला जातो आणि तिथून फिरून पुढं लाइटला येतो. निम्मा वाटेतच जिरतो. आमच्या शिरोळ तालुक्यात पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्यात पोचेपर्यंत असंच मुरतं, त्यामुळं मला ते लगेच कळलं. त्याचा उपाय साधा होता. बॅटरीपासून लाइटपर्यंत जाड वायर थेट ओढायची, मध्ये रिले, म्हणजे इशाऱ्यावर चालणारा दुसरा स्विच, बसवायचा, आणि जुन्या स्विचनं फक्त रिलेला इशारा द्यायचा. बल्ब तोच ठेवायचा.

सुबेदार साहेब गढवालचे. परवानगी मागायला आम्ही दोघं गेलो. साहेबांनी ऐकून घेतलं.

"करो. मगर फ्यूज डालना. असली वायरिंग काटना नहीं."

विकत आणायचं काही नव्हतंच. यार्डात एक कंडम गाडी उभी होती, तिची जाड वायर काढली. रिले मात्र एका गाडीपुरतेच चांगले निघाले.

"तुझ्या गाडीला बसवू, अप्पा. तू थोरला."

"अक्कल तुझी, गाडी तुझी. माझी पुढच्या रविवारी करू."

तो नको नको म्हणत होता. मीच ऐकलं नाही. आपल्याकडं पहिला घास दुसऱ्याला देतात, तसं ते झालं. त्यात चूक काहीच नव्हती, आणि तरीही ते वाक्य मला फार छळतं.

रविवारी त्यानं दिवसभर काम केलं. अर्थिंगच्या जागा खरवडून चकचकीत केल्या. काचेच्या आतली धूळ ओल्या कापसानं टिपली. मग लंगरच्या भिंतीसमोर गाडी लावली, भिंतीवर खडूनं रेघ मारली आणि उजेड रेघेच्या खाली बसवला, समोरच्याच्या डोळ्यात जायला नको म्हणून. लाइट लावला तर भिंतीचे पोपडे न् पोपडे दिसायला लागले. लांगरी हातातला झारा घेऊन बघायला बाहेर आला.

"बग," यशवंत म्हणाला. "नवं कायबी आणलं न्हाय."

त्याच आठवड्यात वर बर्फ पडायच्या आत रेशन पोचवायचा हुकूम आला. तीन गाड्या निघाल्या. सीनियर ड्रायव्हर पुढं असा आमचा रिवाज, म्हणून पहिली गाडी नेहमी माझी असायची. त्या दिवशीही मीच पुढं होतो. दुपारी जेवण झाल्यावर धुकं आलं आणि ते असं आलं की मला माझं बंपर दिसेना. साहेबांनी गाड्या थांबवल्या.

"कांबळे आगे. मल्लाप्पा दूसरा. उसकी बत्ती में दिखता है."

हुकूम बरोबर होता. मी साहेबांच्या जागी असतो तर मीही तोच दिला असता. यशवंत माझ्या खिडकीशेजारून गाडी पुढं काढताना हसला. "माझ्या शेपटीच्या लाइटावर नजर ठेव. निवांत ये."

साहेब माझ्या गाडीत वायरलेस सेट घेऊन बसले. पुढच्या गाडीत यशवंतच्या शेजारी सिग्नलचा जवान मुरुगन होता, त्याच्याकडं दुसरा सेट. बराच वेळ सगळं ठीक चाललं. यशवंतच्या मागं मी खरोखर निवांत चालवत होतो. मग सेट बोलला.

"आगे मोड़ है. रोड पे पानी है. ओव्हर."

"गाडी रोको. उतर के किनारा देखो. ओव्हर."

मुरुगन उतरून पुढं गेला. यशवंतच्या हेडलाइटमध्ये त्याला रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत स्वच्छ दिसत होता.

"रास्ता पूरा है. ओव्हर."

"धीरे लाओ. ओव्हर."

पुढचे दोन लाल दिवे हलले. हळूहळू मोडावर गेले. मग डावीकडं कलले, वर उचलले गेले आणि नाहीसे झाले. मी ब्रेकवर उभा राहिलो.

"साब, गाडी नीचे गया! रुको, रुको!" सेटवर मुरुगन ओरडला. तो अजून मोडाच्या पलीकडं पायीच उभा होता.

पाण्यानं रस्त्याखालची माती आधीच वाहून नेली होती. वर नुसतं डांबर राहिलेलं. लाइट वरचं दाखवतो, खालचं दाखवत नाही. दरीत धुक्यातून उजेड दिसत होता. एवढी गाडी गडगडत गेली तरी एक लाइट चालूच होता. वायरिंग पक्कं केलं होतं त्यानं.

आम्ही दोर लावून उतरलो तेव्हा यशवंत गेलेला होता. डिझेल सांडलं होतं म्हणून बॅटरीची वायर तोडणं भाग होतं. ती मी तोडली. त्याचा लाइट माझ्या हातानं बंद करावा लागला याचं मला आजही वाईट वाटतं.

पेन्शनवर आल्यावर मी जयसिंगपूरच्या रस्त्याला गॅरेज टाकलं. उसाच्या गाड्यांचे ड्रायव्हर येतात. आमच्याकडं कुठल्याही फौजीला मेजरच म्हणतात. "मेजर, लाइट वाढवून द्या, पण खर्च नको." मी आधी अर्थिंग बघतो, काच पुसतो, मग रिले बसवतो. मोठा बल्ब मागितला तर झापतो. काम चोख करतो, पण गाडी भिंतीसमोर लावून लाइट बसवायची वेळ आली की माझं तोंड कडू होतं. ते रिले माझ्या गाडीला आधी बसवले असते तर पुढं मी होतो. कुणालाच बसवले नसते तरी पुढं मीच होतो.

त्याच्या आईचं सांगायचं राहिलं. त्याला घेऊन गावी मीच गेलो होतो. बुद्धवंदना झाली, सलामी झाली, माणसं पांगली. म्हातारीनं मला जवळ बसवून घेतलं.

"माजी गाडी मागं असती, काळजी करू नगो म्हनायचा. मग पुढं कसा गेला रं?"

आमच्यात आईला अव्वा म्हणतात. माझ्या तोंडून तेच आलं. "अव्वा, त्येचा लाइट चांगला हुता. म्हणून साहेबांनी पुढं घेतला."

"कुनी केलता चांगला?"

"त्येनंच."

ती आता शिव्याशाप देईल असं मला वाटलं. दिले असते तर बरं झालं असतं.

"मागं कोन हुतं?"

"मी हुतो."

"तुला तरी दिसलं न्हवं?"

"व्हय, अव्वा. दिसलं म्हणून थांबलो."

"मग बरं," ती म्हणाली, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.