ड्रॅगनच्या गावाचा मंजूर नकाशा

लॉकडाऊनमध्ये लातूरचे क्लास बंद पडले आणि मी घरातूनच केमिस्ट्री शिकवायला लागले. आठवडाभर भिंतीशी बोलल्यासारखं बोलायचं. म्हणून रविवारी दुपारी आम्ही चौघी आपापल्या घरून ऑनलाइन खेळायला बसायचो. बारावीला आम्ही लातुरात एकाच हॉस्टेलच्या एकाच खोलीत होतो. आता एक नांदेडला दातांची डॉक्टर, बाकी दोघी पुण्याला नोकरीत.

खेळ असा की एकीनं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं. कुणी चेटकीण, कुणी धनुर्धारी. गोष्ट मी सांगायची. कॉम्प्युटरवर सगळ्यांना दिसणारा एक पट असतो, त्यावर नकाशा, नकाशावर सोंगट्या. ते सगळं आपल्याला हवं तसं सजवता येतं आणि त्याचंच मला वेड लागलं. गोष्ट राहिली बाजूला, मी चार-चार तास फाशांचा रंग निवडत बसायची. नांदेडवालीनं तर आपल्या चेटकिणीच्या फोटोभोवती झेंडूची चौकट मागितली. क्लासच्या फ्लेक्सवर पहिल्या आलेल्या पोरांना असते तशी. मी ती करून दिली, खाली ‘हार्दिक अभिनंदन’सुद्धा टाकलं.

एकदा मी ड्रॅगनच्या हल्ल्यासाठी एक गाव बनवलं. अरुंद बोळ, दगडी घरं, मातीची सपाट माळवदं, एका टोकाला राक्षसाचं तळघर. तीन दिवस लागले. वडील चहाचा कप घेऊन मागं उभे राहिले.

वडील निवृत्त ड्राफ्ट्समन. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नवी गावं वसवायची होती, तेव्हा निलंग्याकडच्या बऱ्याच गावांचे नकाशे त्यांच्या हातचे.

“हे कुणी मंजूर केलं?” त्यांनी विचारलं.

“मीच. खेळातलं गाव आहे, बाबा.”

“दोन-दोन फुटांच्या दगड-मातीच्या भिंती, वर मातीचा एवढा बोजा. एक धक्का बसला की सगळं माणसाच्या अंगावर.”

“इथं भूकंप होणार नाहीय. ड्रॅगन येणार आहे.”

“वजन किती त्याचं?”

मला माहीत नव्हतं. वडिलांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्याच नजरेनं मी वर्गात घरचा अभ्यास न केलेल्या पोरांकडं पाहते.

दोन दिवसांनी त्यांनी आलेख-कागदावर नवं गाव काढून हातात दिलं. सरळ रेषेत घरं, प्रत्येकाला नंबर, नऊ मीटरचे रस्ते, मधोमध समाजमंदिर. राक्षसाच्या तळघराला दुसरा जिना. मी म्हटलं, तळघरात अडकून पडण्यातच गंमत असते. ते म्हणाले, “अडकलेली माणसं मी बघितल्यात.” मी कागद स्कॅन करून पटावर चढवला, घरांना पत्र्याचा रंग दिला.

रविवारी नांदेडवालीनं पट उघडला आणि म्हणाली, “हे काय हाय? राक्षसांची पुनर्वसन वसाहत?”

ड्रॅगन आला. रस्ते इतके रुंद की तो आरामात उतरला. लपायला बोळ नाही, आडोसा नाही. वीस मिनिटांत तिघी मेल्या. चेटकीण झेंडूच्या चौकटीसकट समाजमंदिरासमोर आडवी पडली.

वडील बाजूला खुर्ची टाकून ऐकत होते. माइकजवळ वाकून त्यांनी विचारलं, “घरं पडली का?”

“नाही, काका,” नांदेडवाली म्हणाली.

“मग झालं तर.”

“काका, घरं उभी हायती, पण माणसं मेली ना. मी असल्याच गावात वाढलेय. तिथं लपाछपीसुद्धा खेळता येत न्हाई.”

वडिलांनी तिला गाव विचारलं. तिनं सांगितलं. त्यांनी बोटानं हवेत एक रेघ ओढली, मग म्हणाले, “रस्ता उत्तर-दक्षिण. शाळेच्या मागं लिंबाच्या झाडाला जागा सोडलेली.”

“हाव. आमचं घर शेवटच्या ओळीत.”

“ते माझंच काम.” त्यांनी खुर्ची पुढं ओढली. “काय त्रास व्हता तिथं?”

बाकीच्या दोघी मेलेल्याच होत्या, त्यामुळं कुणाची हरकत नव्हती. ती बोलत राहिली. आईची शेजारीण नव्या गावात चार ओळी पलीकडं गेली. दारासमोर दार नाही, मग पीठ मागायला कोण कुणाकडं जाणार. आजोबा नंबर विसरून दुसऱ्याच्याच घरात जाऊन झोपायचे, आणि त्या घरची माणसं त्यांना जेवूही घालायची.

वडील मान हलवत होते. “तेव्हा हे कुणी मला सांगितलं न्हाई,” ते म्हणाले. “मीही विचारलं न्हाई. वरून सांगायचे, रेषा सरळ ठेवा.” मग बराच विचार करून म्हणाले, “अर्ज द्या. लेखी.”

आणि तिघींनी खरंच अर्ज दिले. चेटकिणीनं तीन फुटी बोळ मागितला, कारण ‘लपण्याची गैरसोय’. धनुर्धारिणीनं घोड्याला गोठा मागितला. वडील अर्ज वाचायचे, शेरा मारायचे, कागदावर खोडून नवीन काढायचे. बोळ मंजूर झाला, पण दोन्ही तोंडांनी उघडा. दारं समोरासमोर आली, मधे बसायला ओटे आले. घरांच्या भिंतींत मात्र धक्क्यात भिंत धरून ठेवणारा सिमेंटचा पट्टा राहिलाच, त्यावर ते कुणाचं ऐकेनात.

मी तिघींना परत जिवंत केलं, पण पुढं कुणी लढलंच नाही. दर रविवारी चेटकीण ओट्यावर बसून तक्रारी सांगायची. मी आठवण करून दिली की ड्रॅगन ताटकळलाय. वडिलांनी गावाबाहेर त्याला उतरायला जागा सोडली आणि त्याची सोंगटी तिथं ठेवायला लावली. तो तिथंच राहिला.

क्लास उघडले, रविवारी टेस्ट सुरू झाल्या आणि खेळ थांबला. वडिलांनी तेवढ्यात मला त्या सॉफ्टवेअरवाल्यांना कळवायला लावलं की तुमच्या कुठल्याच नकाशावर उत्तर दिशा दाखवलेली नसते. मी लिहिलं. सूचनेबद्दल आभार, आम्ही विचार करू, असं चार ओळींचं उत्तर आलं. वडिलांनी प्रिंट काढायला लावली, शांतपणे वाचली आणि म्हणाले, “म्हणजे साहेबाच्या टेबलावर गेलंय.”

नांदेडवालीला त्यांनी त्या गावाच्या नकाशाची एक प्रत पोस्टानं पाठवली. ती तिनं दवाखान्यात लावलीय. दात दाखवायला आलेली माणसं विचारतात, हे गाव कुठं आहे, बस जाते का.