खिशातला फ्यूज

आमच्या कॉलेजातले प्रयोगशाळा परिचर देवरावभाऊ कुठलीही काचपट्टी आधी खिडकीकडे तिरपी धरायचे, एक डोळा मिटायचे आणि निकाल द्यायचे, "घाई झाली, ताई." घर मेडशीला, शिक्षण दहावी नापास आणि तोरा परीक्षकाचा. मला त्यांचा भारी राग यायचा.

माझी पीएच.डी. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंवर होती. त्यांच्यातला स्निग्ध पदार्थ काढायचा, काचेवर त्याचा पातळ थर वाळवायचा आणि क्ष-किरण तपासणीला नागपूरला न्यायचा. आत पापुद्र्यावर पापुद्रा नीट बसला असेल तर आलेखात टोकदार सुळके येतात. माझ्या आलेखात दोनदा नुसते फुगवटे आले होते. तिसरी संधी शेवटची होती. ती हुकली की प्रबंधही गेला.

थर वाळवायला मार्गदर्शक सरांकडे उपाय एकच, पंखा पाचवर. काचेला त्यांनी कधी बोट लावलं नाही, पण शोधनिबंधावर पहिलं नाव त्यांचंच.

"गिलावा केल्यावर त्याले पानी मारतेत का वारं घालतेत?" भाऊंनी मला विचारलं. "काहून भेगा पाडून राह्यल्या?"

त्यांनी स्वतःचा जेवणाचा डबा धुतला आणि माझी काच त्यात ठेवली. पदार्थ ज्यात विरघळवला होता त्या औषधाचा उग्र वास जाईपर्यंत झाकण किलकिलं ठेवलं. मग डब्यातच काचेशेजारी मिठाच्या दाट पाण्याची वाटी ठेवून ते घट्ट लावलं. "दोन दिवस कोनी हात लावाचा नाही."

दिवस मे महिन्याचे. सर घामाघूम होऊन आले. "देवराव, पंखा का बंद आहे? काच वाळणार कशी?"

"लाइन नाही, सर."

सरांच्या डोक्यावर ट्यूबलाइट लख्ख जळत होती. संशोधकाच्या नजरेला ती दिसली नाही. पंख्याचा फ्यूज भाऊंच्या सदऱ्याच्या खिशातून डोकावत होता, तोही नाही.

नागपूरहून आलेख आला तो बाभळीच्या काट्यांसारखा. सर गावभर 'माझी पद्धत' सांगत सुटले आणि मी मनातल्या मनात त्यांना हसत राहिले.

भाऊ निवृत्त झाले त्या दिवशी मी ऐटीत प्रबंध त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला आणि आभाराच्या पानावरून बोट फिरवलं. सर होते, सरांच्या सौभाग्यवती होत्या, टायपिंगवालाही होता. बोट खाली पोचलं. त्यांनी पान उलटून मागची बाजूही पाहिली. मी त्यांना खरंच विसरले होते, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

भाऊंनी ते पान खिडकीकडे तिरपं धरलं, एक डोळा मिटला.

"घाई झाली, ताई."