खासगी बाजारातला चार वाजताचा ड्रोन

ग्वाल्हेरला मी किल्ला बघायला गेले नव्हते. माझी मोठी बहीण, वय शहात्तर, तिथे लष्कर भागातल्या खासगी बाजार मोहल्ल्यात एकटी राहते; मुलगा हेमंत बंगळुरूला असतो. एक दिवस फोनवर म्हणाली, "घर विकून हेमंतकडे बंगळुरूला जाते. रोज चार वाजता छतावर ड्रोन येतो गं. कोणीतरी घर हेरून राहिलंय." पन्नास वर्षांचं घर, आणि सोडायचं ते भीतीने? मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

पुण्याहून जवळजवळ एक दिवस लागतो. ज्येष्ठांना खालचा बर्थ मिळतो या भरवशावर राहू नका. मला वरचा मिळाला आणि खालच्या धडधाकट गृहस्थाने झोपेचं सोंग घेतलं. वर पडून मी मोबाइलवर ड्रोनचे नियम वाचले. नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, हे आमच्या कॉन्व्हेंटच्या नन्सनी छडी दाखवून शिकवलंय. स्टेशनबाहेर ई-रिक्षावाल्याने दोनशे सांगितले आणि शंभरावर लगेच तयार झाला. म्हणजे भाडं साठच असणार.

चार वाजता ड्रोन आला. कबुतराएवढा. छतावर मिनिटभर घोंघावला आणि गेला. ताई जिन्याच्या दाराआडून बघत होती. डॉक्टरांनी सांगितलेल्या, रोज चार वाजताच्या छतावरच्या वीस फेऱ्या तिने महिन्यापासून बंद केल्या होत्या.

"उडवणारा शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारला पण बसलेला असू शकतो," शेजारचे मोहिते म्हणाले. "स्क्रीनवर सगळं दिसतं ना!"

"स्क्रीनवर ड्रोनला जे दिसतं ते दिसतं," मी म्हटलं. " नियम म्हणतो, उडवणाऱ्याला ड्रोन दिसला पाहिजे. स्वतःच्या डोळ्यांनी, दुर्बिणीशिवाय."

"नियम कोण पाळतं?"

तेही खरंच. पण कुठून तरी सुरुवात करायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि जिलेबी खाऊन किल्ल्यावर गेले. गुडघे दुखत असतील तर उरवाई दरवाज्याकडून जा, तिथून गाडी वर जाते. तटावरून ताईचा सगळा लष्कर भाग पसरलेला दिसला, पण ताईची निळी टाकी काही सापडेना. एवढी टाकी दिसत नाही तर कबुतराएवढा ड्रोन कसा दिसेल? माणूस नियम पाळत असेल तर तो दोन-चार गल्ल्यांतलाच होता.

परत येऊन ताईच्या छतावर उभी राहिले आणि चारी बाजूंना बघितलं. तीन बाजूंना भिंती आणि टाक्या. पश्चिमेला मात्र एका कोचिंग क्लासच्या इमारतीची गच्ची उघडी. चारच्या आधी मी तिथे. दारावर विचारलं तर म्हटलं, नातवाची ॲडमिशन.

गच्चीवर तिशीचा एक माणूस, हातात रिमोट, नजर आभाळात.

"कोणाच्या सांगण्यावरून?" मी विचारलं.

तो दचकला, पण नजर खाली आणली नाही. "मावशी, मी नियमातच उडवतो. नैनो है, ढाई सौ ग्राम से कम, झोन भी हरा है, परवानगी लागत नाही. आणि बघा ना, आँखों के सामने है."

माझाच नियम माझ्या तोंडावर!

"आणि खालच्या बाईला विचारलंस?"

"त्यांच्या मुलानेच सांगितलंय. हेमंत माझा शाळेतला दोस्त. मी लग्नाचं शूटिंग करतो. तो म्हणाला, रोज एक मिनट का वीडियो भेज दे, आई ठीक आहे की नाही कळतं."

घरी येऊन ताईला सगळं सांगितलं आणि तिच्यासमोर हेमंतला फोन लावला.

"आई, तू नेहमी ठीकच आहे म्हणतेस. काळजी वाटायची."

"महिनाभर मी तुला ड्रोनबद्दल रडून सांगत होते," ताई म्हणाली. "आणि तू काय म्हणत होतास? घर विकून टाक."



"मी येत नाही, हेमंत. बघायचं असेल तर तू ये." तिने फोन ठेवला, चप्पल घातली आणि छतावर गेली. वीस फेऱ्या झाल्यावरच खाली आली.

आता पुण्यात ग्वाल्हेरहून आणलेली तिळाची गजक खात हे लिहिते आहे. हेमंतला आईची काळजी होती की घराची? मला ठरवता आलेलं नाही. उडवणाऱ्याला ड्रोन दिसावा, इतपत नियम मला सापडला. खालच्या बाईला कोणी विचारायचं, ते अजून शोधते आहे. ड्रोन बंद झालाय. ताई म्हणते, चार वाजले की मान आपोआप वर जाते.

हेमंत दिवाळीत ग्वाल्हेरला येणार आहे म्हणे. मी त्याच्याकडे तिकिटाचा फोटो मागितला आहे. अजून आलेला नाही.