आठ बायकांची एक पर्स

शिनोलीत भीमाशंकरच्या रस्त्याला जयाची पिठाची गिरणी आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून ती गिरणी तिच्याच हातात. भुवया, पापण्या कायम पांढऱ्या. नवरा बाळासाहेब कांदा-बटाट्याची पिकअप घेऊन मंचरला जायचा आणि तिथं चहाच्या टपरीवर सांगायचा, "आमच्या हिला काय बी लागत न्हाई राव." लोक गाडीचं ॲव्हरेज सांगतात त्या अभिमानानं सांगायचा. आणि ते खरंही होतं. जयानं कधी काही मागितलं नव्हतं. तिला काही हवंसं वाटलंच नव्हतं, ती काय करणार?

मग एकदा पुण्याहून बाळासाहेबाची भाची श्रेया आली. जयानं तिची पर्स उचलून पिठाच्या डब्यावर ठेवली, तशी श्रेया ओरडली, "मामी, तिथं नको! दीड लाखाची आहे ती!"

जयानं गिरणी बंद केली. आवाजात आपल्याला चुकीचं ऐकू आलं असं तिला वाटलं. गिरणी बंद झाल्यावरही किंमत तेवढीच निघाली.

"एवढे पैसे एकदम दिलेस?"

"छे. हप्त्यानं. पगारातनं कापून जातात. ऑफिसात सगळ्याच असं घेतात."

जयानं हात धुतले, पदराला पुसले आणि पर्सवरून एकदा हात फिरवला. चॉकलेटी कातडं, सोनेरी कडी, वर कंपनीचं नाव. त्यात अक्षरं पुष्कळ आणि उच्चार थोडा. श्रेया निघून गेली, पण जयाचं चित्त ठिकाणावर आलं नाही. तिनं एकाच्या ज्वारीत दुसऱ्याची बाजरी दळली. चौथ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "मला तसली पर्स पायजे."

बाळासाहेबाचा घास हातातच राहिला. "अगं, तेवढ्यात मुऱ्हा म्हैस येती. दूध दिती."

"मला दूध नकोय."

त्यानं घास परत ताटात ठेवला.

गावात आठ बायकांची भिशी होती. जयानं तिथं विषय काढला. "एकटीला कुणालाच परवडणार न्हाई. पण कॅनॉलचं पाणी काय एकाचं असतं का? बारी लावूनच घेतो ना? तशी पर्सची बारी लावू. एकेक आठवडा."

सगळ्यांत वडील बायडाबाई. त्यांनी विचारलं, "माझ्या वाट्याला कंचा भाग येनार?"

"भाग न्हाई वं आत्या, आठवडा."

"मंग बरं हाय. मला वाटलं, पट्टा येतोय का काय."

ठरलं. श्रेयानं आपल्या कार्डावर पर्स घ्यायची आणि दरमहा भिशीतून तिला पैसे जायचे. आता हे पैसे घरच्या हिशेबात कुठं बसवायचे, याला आठ घरांत आठ वाटा निघाल्या. एकीनं अंड्यांचे पैसे बाजूला टाकले. एकीनं नवऱ्याचा औषध फवारायचा पंप विकला, आणि फवारणीच्या वेळी त्याच्याबरोबर तो शोधायलाही लागली. झुंबरबाईनं घरी सांगितलं, की गुडघ्याला दर महिन्याला शेक घ्यायला लागतो. त्यापायी तिला वर्षभर लंगडावं लागलं. शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी ती सरळ चालत घरी आली. नवरा हात जोडून म्हणाला, "गुण आला बघ! डॉक्टरच्या हाताला यश हाय."

पर्स पहिल्याच महिन्यात आली होती. एकेका घरी आठवडाभर मुक्काम, म्हणून तिला नाव पडलं पावणी. दर रविवारी संध्याकाळी गिरणीत पावणीची अदलाबदल व्हायची. जया उजेडात धरून चारी कोपरे तपासायची. नियम ठरले होते: स्कूटीच्या हुकाला अडकवायची नाही, चटणी-मसाल्यापासून लांब ठेवायची, आणि पाऊस लागला तर पर्स छत्रीत, बाई बाहेर.

मग मंचरच्या एका कार्यालयात मोठं लग्न निघालं. बारी झुंबरबाईची, पण आठांतल्या पाच जणींना आवतण. पाचही जणी ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या आणि मंडपाच्या खांबामागं उभ्या राहिल्या. एक जण पर्स घेऊन फोटोला जायची, परत खांबामागं यायची, दुसरी निघायची. व्हिडिओवाल्यानं पाचही जणींना पर्ससकट इमानानं टिपलं, खांबामागचं तेवढं त्याला दिसलं नाही. तो व्हिडिओ तालुकाभर फिरला आणि बघणाऱ्यांनी बोटं मोजली. पुढच्या आठवड्यात बातमी अशी झाली, की शिनोलीत घरटी एक दीड लाखाची पर्स आहे.

यात्रा कमिटीनं गावाची वर्गणी दुप्पट केली. विम्याचे दोन एजंट एकाच दिवशी आले आणि पारावर भांडले. बाळासाहेबाला आधी घाम फुटला, मग ते मानवलं. टपरीवर तो म्हणायला लागला, "आमच्याकडं साधी पर्स चालत न्हाई."

आणि बायडाबाईंच्या सोपानला स्थळ आलं.

सोपान चौतिशीचा. टोमॅटो चांगला काढायचा, ट्रॅक्टर होता, व्यसन नव्हतं. फक्त शेती होती, म्हणून मुली नको म्हणायच्या. बायडाबाईंनी मध्यस्थांचे उंबरे झिजवले होते. आता मंचरचे लोक आपणहून येतो म्हणाले. मुलगी आरती, तिथल्याच एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. तिच्या आईनं व्हिडिओ पाहिला होता आणि फोनवर दोनदा विचारलं होतं, "व्हिडिओतल्या चॉकलेटी पर्सवाल्या त्या तुमीच ना?"

येणार रविवारी. शनिवारी बायडाबाई धावत गिरणीत आल्या. "जया, पावणी कुटंय?"

पावणी झुंबरबाईबरोबर घाटघरला गेली होती, तिच्या माहेरी. तिकडं डोंगरात फोन लागेना.

जयानं रात्री बाळासाहेबाला गाठलं. "पिकअप काढा. घाटघरला जाऊन पर्स घेऊन या."

"पर्सला आणायला डिझेल जाळू?"

"सोपानचं लगीन जळण्यापरीस डिझेल जळू द्या."

रविवारी पहाटेच तो निघाला. घाटघरात झुंबरबाईची आई बयाबाई दारातच भेटली. पावणी देव्हाऱ्यात होती. लेकीनं दीड लाखाची वस्तू आणली म्हटल्यावर म्हातारीनं तिला हळद-कुंकू वाहिलं होतं आणि पुढं वाटीभर तांदूळ ठेवला होता. "आशी मोकळ्या हातानं घरातनं काडायची न्हाई," म्हणून तिनं बाळासाहेबाला नारळ फोडायला लावला.

इकडं बायडाबाईंच्या घरी पाहुणे वेळेआधीच आले; मदतीला जया होती. पोहे झाले, चहा झाला, जया सारखी रस्त्याकडं बघतेय. परत चहा झाला. आरतीच्या आईची नजर घरभर फिरत होती. शेवटी तिनं विचारलंच, "पर्स दिसत न्हाई कुठं?"

बायडाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "ती माहेराला गेलीया."

तेवढ्यात पिकअप थांबली. मागच्या दारानं या, असं जयानं बाळासाहेबाला दहा वेळा बजावलं होतं. तो सरळ पुढच्या दारातून आत आला, काखेत पर्स, कडीला कुंकू, आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "घ्या आत्या. बारी झुंबरबाईची हाय, पण तुमची नड हाय म्हणून दिलीय तिनं."

आरतीच्या आईनं कपबशी खाली ठेवली.

"बारी म्हणजे?" आरतीनं विचारलं.

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जयानं सगळं सांगितलं, खांबासकट. सांगताना तिची मान खाली होती. आपल्या एका हौसेपायी सोपानचं स्थळ मोडलं, असं तिला वाटलं. आरतीची आई पदर सावरून उठली. "चला. फसवाफसवी हाय ही."

आरती उठली नाही. ती हसत होती, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग डोळे पुसून तिनं बायडाबाईंना विचारलं, "तुमचा आठवडा लग्नानंतर माझ्या नावावर होईल का?"

"माझ्या माघारी," बायडाबाई ताठ बसून म्हणाल्या.

"आणि तोवर?"

बायडाबाईंनी चार दिवस-तीन दिवसांची तोड काढून पाहिली. आरतीला ती मान्य होईना. आई उभी, दोघींची घासाघीस चालू. तोवर कोपऱ्यात बसलेल्या सोपाननं सकाळपासून पहिल्यांदा तोंड उघडलं. "नववा वाटा काढा. पैसे मी देतो. टोमॅटोचे."

आरतीनं त्याच्याकडं नीट बघितलं. आई परत खाली बसली.

लग्न झालं. आरतीचा पहिला आठवडा आला आणि सोमवारी सकाळी एसटीच्या थांब्यावर बायकांनी पाहिलं, तर पावणीत जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, छत्री आणि लॅबचा पांढरा कोट. झुंबरबाई मटकन खाली बसली. रविवारी पर्स परत आली तेव्हा आतल्या अस्तराला वांग्याच्या भाजीचं तेल लागलं होतं.

गिरणीत गदारोळ झाला. नवी सून मधोमध उभी, सगळ्या जणी तिच्यावर तुटून पडलेल्या. ती एवढंच म्हणाली, "पिशवी आहे ना ही?"

जयानं पर्स हातात घेतली. आतला तेलाचा डाग बघितला, वास घेतला. तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट इतक्या दिवसांनी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. "ज्याची बारी त्याचं पानी," ती म्हणाली. "कुनी उसाला देईल, कुनी कांद्याला. आपन कोन इचारनार?" आणि तिनं गिरणीचा पट्टा चढवला. आवाजात पुढचं भांडण कुणालाच ऐकू आलं नाही.

स्वतःची बारी आल्यावर जया बाळासाहेबाच्या शेजारी पिकअपमध्ये बसून मंचरच्या बाजारात गेली. खांद्याला पावणी, तिच्या तोंडातून मेथीची जुडी आणि कोथिंबीर बाहेर आलेली. वर तिनं दोन किलो बटाटेही भरले. गेणभाऊ नावाचा म्हातारा बटाटेवाला काटा खाली ठेवून पर्सचे पट्टे ओढून बघत राहिला.

"बाई, लई दणकट हाय वं. कुटं घेतली?"

"पुण्याला."

"आमच्या हिला बी एक घ्यावी म्हनतो. केवढ्याला पडली?"

बाळासाहेब तोंड उघडणार तेवढ्यात जयानं त्याच्या पायावर पाय दिला आणि म्हणाली, "हप्त्यानं घेतलीय, भाऊ."